कावळा शिवलेली हौसाआत्या

पोटभर जेवून उठलेलं माणूस मी लहानपणी आमच्या घरात पाहिलेलं नाही. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, हिवाळाभर दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालायचे आणि बाकीचे दिवस मिळेल त्या रानात राबायचे. मुरगूडहून चालत जाता येईल असं वेदगंगेच्या काठावर आमचं गाव. ऊस दुसऱ्यांचा, गूळ दुसऱ्यांचा. आमच्या वाट्याला आबांचे भाजलेले हात आणि काहिलीच्या तळाची खरवड. ती आम्ही पोरं चाटायचो. आई सगळ्यांच्या मागून जेवायची, म्हणजे पुष्कळदा जेवायचीच नाही. कुणाला दया यावी म्हणून हे लिहीत नाही. पुढची हकीकत कुठून सुरू झाली ते कळावं, इतकंच.

ह्या घरातून पहिल्यांदा बाहेर पडली ती आबांची धाकटी बहीण, हौसाआत्या. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माघारी धाडली. माहेरी आणखी एक तोंड वाढवायचं नाही म्हणून ती कोल्हापुरात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर पोरं सांभाळायला राहिली. साहेब विलायतेला निघाला तेव्हा पोरं तिला सोडीनात, तशी तीही बोटीत चढली. परतीच्या वाटेवर बोटीच्या कप्तानाला ही वांत्या करणाऱ्या बायकांची पाठ चोळताना दिसली आणि कंपनीनं तिला ठेवून घेतलं. तेव्हापासून ती मुंबई आणि आफ्रिका अशा फेऱ्या करणाऱ्या आगबोटीवर स्टुअर्डीण (बोटीवर बायका-मुलांची देखभाल करणारी नोकर) झाली. तिच्या मनिऑर्डरीवर मी शाळा शिकले, कोल्हापुरात कॉलेजात गेले आणि बी.ए. झाले. आमच्या घराण्यात सही करणारंसुद्धा माझ्या आधी कुणी नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते आणि सांगत राहणार.

लढाईच्या दिवसांत तिची एक बोट बुडाली. ती वाचली, घरी येऊन राहून गेली, पुन्हा बोटीवर चढली. स्वातंत्र्यानंतर दुसरी बोट बुडाली. ह्या खेपेला मात्र तिची काहीच खबर आली नाही. वर्ष उलटून गेलं. आबांचे चुलते गणूतात्या म्हणजे भावकीतले कर्ते. ते म्हणाले, जिवाला असं लोंबकळत ठेवू नये. मग दर्भाचा पुतळा करून नदीकाठी जाळला. आबांनी डोकं भादरलं. दहाव्याला पिंड मांडला.

आमच्याकडं पिंडाला कावळा शिवायला माणसं अर्धा दिवस हात जोडून उभी राहतात. मेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. मग एकेक आठवून सांगायचं, तुझी पोरगी उजवतो, तुझी म्हैस विकत नाही. आत्याच्या पिंडाला मात्र आबा मागं सरकायच्या आत कावळ्यानं झडप घातली. "सुटली पोर," तात्या म्हणाले. सगळं गाव म्हणालं, काय पुण्यवान जीव!

आणि त्यानंतरच्या गणपतीत मुंबईच्या गोदीत हमाली करणारा मुरगूडचा एकजण गावी आला आणि आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "हौसाक्का जित्ती हाय की! म्या बोललो तिच्यासंगं. पाय अधू झालाय. भाऊबीजेला येतो म्हनली, कोनतरी न्यायला धाडा."

आई रडायला लागली. आबा खांबाला धरून खाली बसले. तात्यांनी निरोप आणणाऱ्याला नीट विचारलं, बाई कशी दिसत होती, पाय उलटे नव्हते ना. मग भावकी चावडीवर बसली. तात्यांचं म्हणणं असं, जिचं क्रियाकर्म झालं तिला तशीच घरात घेतली तर घराचं वाटोळं होतं. तिला पुन्हा जन्माला घालायची. तूप चोपडलेल्या परातीत बसवायची, अंघोळ घालायची, पाळण्याला हात लावून नवं नाव ठेवायचं, घुगऱ्या वाटायच्या. मग पंगतीला घ्यायची.

मी म्हणाले, "तात्या, जिवंत माणसाला जन्माला कसं घालणार? तुमचाच अंदाज चुकला म्हणा की."

"आन कावळा शिवला त्यो?" तात्या म्हणाले. "त्यो काय खोटं बोलला? बी.ए.ला कावळं शिकवत्यात काय गं?"

चावडी हसली. आबा हसले नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणाले, "सुट्टी लागली की जा. कोल्हापुरापातूर आन तिला. फुडचं बघू." पुढचं म्हणजे कोल्हापुराहून गावापर्यंतचा शेवटचा अर्ध्या दिवसाचा रस्ता. त्याचं त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. भाऊबीजेला आपल्या पाटावर बसून ते आत्याला ओवाळू देणार की नाही, हे मुंबईला निघताना मला माहीत नव्हतं.

मी तेव्हा कोल्हापुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी निघाले. फडक्यात भाकऱ्या, ठेचा आणि आईनं आत्यासाठी दिलेली गुळाची ढेप. आमची लहान रुळांची गाडी पुण्यापर्यंत, तिथं उतरून मोठ्या गाडीत बसायचं. मिरजेला एक बाई तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या. सासरा तंतुवाद्यं बनवतो, मुंबईला पोचवायला चालले, म्हणाल्या. मी कुठं निघाले ते विचारलं. मेलेल्या आत्याला आणायला, असं मी सांगितलं. त्यांनी भोपळा दुसऱ्या मांडीवर घेतला. सगळी हकीकत ऐकल्यावर मात्र माझ्या ठेच्याला हात लावून म्हणाल्या, "आमच्याकडं असं झालं असतं तर मीच परातीत बसले असते बाई. तूप तरी अंगाला लागलं असतं."

मी पुण्याच्या पलीकडं कधी गेले नव्हते. घाट उतरताना बोगदे लागतात, डब्यात काळोख होतो आणि पोरं बोंब मारतात. दोन बोगद्यांच्या मधे क्षणभर दरी दिसते, पांढऱ्या दोरीसारखे ओढे दिसतात आणि पुन्हा काळोख. बोरीबंदरला उतरले तर तो गोदीवाला न्यायला आलेला. ट्राममधून जाताना घरांच्या फटीतून एक करडी भिंत दिसली. मी विचारलं, ती कसली भिंत? तो म्हणाला, "ताई, त्यो समुद्र हाय."

हौसाआत्या माझगावला रोझाबाई नावाच्या गोव्याकडच्या बाईच्या खोलीत राहत होती. रोझाबाईही बोटीवरच्याच. दार उघडलं तर समोर आत्या. रापलेली, केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हातात काठी. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "आधी बघू दे, इमल हायेस न्हवं? केवढी झालीस गं! आन ही गोल पिशवी कसली गुंडाळलीयास?"

"पाचवारी आहे आत्या. कॉलेजात सगळ्या नेसतात."

"पाण्यात पडलीस तर दोन्ही पाय एका पिशवीत. कालिजात ह्ये शिकवत न्हाईत व्हय?"

तिचं बोलणं तसंच होतं. आमच्याकडच्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात. कॉलेजात पुण्याच्या मुली मला त्यावरून हसायच्या म्हणून मी ते सोडलं. आत्या सगळी दुनिया हिंडली, तिनं काही सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझाबाईंनी आम्हाला धक्क्याला लागलेल्या एका आगबोटीवर नेलं. मला वाटलं होतं बोट म्हणजे मोठी नाव. ती तर आडवी झोपवलेली चाळ निघाली. जिने, लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, पितळेच्या कड्या पुसून चकचकीत. सगळीकडं तेलाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. आत्या काठी टेकत पुढं आणि मी मागं. प्रत्येक वळणावर ती थांबून आधी दार कुठं आहे ते बघायची. "सवय," म्हणाली. खोलीतल्या फळीवरून तिनं बुचाचा पट्टा (पाण्यात तरंगायला अंगावर बांधतात तो) ओढला आणि बघता बघता माझ्या अंगावर चढवून गाठ मारली. माझा श्वासच अडला.

"सैल बांधला की हनवटीखाली येतो आन मान मोडतो," ती म्हणाली. "बायका न्हाय म्हणायच्या. खलाशी पुरुष, त्यो छातीवर गाठ मारणार, मग कशा व्हय म्हणतील? म्हणून कंपनीला मी लागायचो. पहिल्याच दिवशी च्या झाला की समद्या बायकांस्नी वर बोलवायचो. आधी काष्टा. गुजराती असू दे, पंजाबी असू दे, मेम असू दे, काष्टा मारायचा, मग पट्टा. मेमा हसायच्या. हसू देत. बोट कलली की कोन हसत न्हाय."

"आणि कलली तेव्हा?"

ती पलंगाच्या काठावर बसली. अधू पाय लांब केला.

"पहिल्या खेपंला पाण्याखालनं बॉम आला. चुलीवरचं भांडं उकळून सांडतं तेवढा वेळ, बास, बोट गेली. होडीत माझ्याकडं तान्ही पोरं दिलेली. मी त्यास्नी ओव्या म्हणलो. दळनाच्या. दुसरं काय येतं मला? दुसऱ्या खेपंला खडक लागला. धुकं हुतं. एक शेठाणी दागिन्यांचा डबा सोडंना, म्हणं डब्याबिगर येत न्हाय. दिली एक मुस्काडात आन ढकलली होडीत. डबा गेला, शेठाणी ऱ्हायली. माझा पाय दोराच्या फासात अडकून मोडला. मग तिकडच्या हास्पिटलात कितीतरी म्हयनं पडून हुतो. मराठी लिवणारं कोन न्हाय, मला लिवाय येत न्हाय. मी म्हणायचो, दादा वाट बघत असंल."

दादा म्हणजे आबा. ते वाट बघत नव्हते, त्यांनी तिचा पुतळा जाळला होता, हे मला आता सांगायचं होतं. बोटीतून उतरल्यावर समुद्राकाठच्या कठड्यावर बसून सांगितलं. पुतळा, भादरलेलं डोकं, पिंड. आत्या ऐकत होती. कावळ्यापाशी आले तेव्हा तिनं विचारलं, "लगी शिवला?"

"लगेच."

"बया गं! भूक लागलीवती त्याला." ती पोट धरून हसली. मग काठी मांडीवर घेतली. "आन दादानं केस काढलं? त्याला किती आवडायचं आपलं केस."

तात्यांची अट सांगितली. परात, तूप, पाळणा. आता हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही.

"इमल, मी दोनदा पाण्यातनं वर आलो. आनखी किती येळा जन्म घिऊ? न्हाय बसणार परातीत. मी मेलोच न्हाय, तर जन्म कसला? बसलो की मी मेलोवतो असं ठरतं." मग म्हणाली, "मला घर नगं, शेत नगं. एकदा दादाला ओवाळायचं हाय. दरसाल भाऊबीजेला मी डेकावर जाऊन चंद्राला ओवाळायचो, आगकाडी पेटवून. वाऱ्यानं इझायची. भाऊ नसलेल्या बायकांसारखं. मला भाऊ हाय की!"

लक्ष्मीपूजन रोझाबाईंच्या खोलीत झालं. मेरीच्या तसबिरीखाली आत्यानं पणती लावली आणि रोझाबाईंनी स्वतःच तिच्यात तेल घातलं. निघताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. फक्त रोझाबाईंनी आत्याच्या काष्ट्याची खोच ओढून बघितली, घट्ट आहे का.

परतीच्या गाडीत कर्जतला गरम वडे खाल्ले. आत्या वडा फोडून आधी वास घेऊन बघे. बोटीवर पीठ कुबट झालेलं असायचं, म्हणे. पुण्याला गाडी बदलताना घाईत माझी एक पिशवी फलाटावरच राहिली. पिशवीतली नवी चप्पल गेली. आत्या म्हणाली, "जाऊ दे. माणसं चढली न्हवं?"

मिरजेला गाडी थांबली आणि फलाटावर कुणीतरी लक्ष्मी तोटा उडवला. दुसऱ्या क्षणी मी बाकाखाली होते आणि आत्या माझ्यावर पालथी. डब्यातल्या बायका आधी घाबरल्या, मग फिदीफिदी हसल्या. आत्या उठली, माझी पाचवारी झटकली आणि त्यांना म्हणाली, "हसा की! दिवाळीच हाय." मग कोल्हापूर येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

कोल्हापूरला पोचलो तो पाडवा होता. आत्या खोलीवर टेकली नाही. "आधी डोंगर," म्हणाली. खडकावर बोट आदळली तेव्हा तिच्या तोंडून जोतिबाचं चांगभलं निघालं होतं, ते फेडायचं होतं. पायथ्यापर्यंत टांगा केला, पुढं पायऱ्या. ती काठीवर, एकेक पायरी, मधे टेकत. उलट माझाच पाय साडीत अडकून मी आपटले आणि गुडघा फुटला. आत्यानं वळून बघितलं. नजर माझ्या पाचवारीवर, त्या गोल पिशवीवरच होती. वर पोचल्यावर चारी बाजूंना उघडा मुलूख दिसतो. कापायला आलेलं भात पिवळं, ऊस हिरवा, मधे पंचगंगेची वळणं. देवळाच्या आवारात पायाखाली गुलालाचा थरच थर, भिंती गुलाबी, कुत्रीसुद्धा गुलाबी.

तिथं एकेका गावाचा गुरव (देवाचा पुजारी) ठरलेला असतो. आमचा गुरव म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा. आत्यानं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं. म्हातारा नारळ फोडायचा थांबला.

"हौसा? तुझ्या भावानं तुझं सुतक फेडून हितं नारळ दिलता की गं. मीच फोडलाता."

"मग त्यो परत द्या," आत्या म्हणाली.

म्हातारा असा खदखदून हसला की चष्मा घसरला. मग त्यानं ओंजळ भरून गुलाल घेतला आणि आत्याच्या डोक्यावर ओतला. कपाळ, भुवया, पांढरे केस, सगळं लाल. मी तात्यांची अट सांगितली, कावळा सांगितला. म्हणाला, "कावळ्याचं कावळा जाणे. हितं मेलेल्याला गुलाल लावत न्हाईत. मी लावलाय. कोन इचारलं तर सांग." आत्यानं डोळे मिटून हात जोडले. बराच वेळ उभी होती. तिच्या गालावरून गुलाल ओघळला तेव्हा मी दुसरीकडं बघितलं.

रात्री माझ्या खोलीवर तिनं अंघोळ केली, पण केस धुतले नाहीत. उशाशी बूट ठेवून झोपली.

भाऊबीजेच्या सकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो. तिथं म्हशी दारातच उभ्या असतात, धार काढून पेला तसाच हातात देतात, फेसासकट, कोमट. गवळी गुलालानं माखलेलं डोकं बघून म्हणाला, "मावशी, डोंगरावनं आलासा जणू. प्या दाबून! माहेरला निघालासा व्हय?"

"घेत्यात का बघायचं," आत्या म्हणाली.

"म्हंजे?"

"मी मेलोवतो पावणं."

गवळी धारेवरचा हात न थांबवता म्हणाला, "मग आनखी एक पेला घ्या. वरनं आलासा, दमला असशीला." त्यानं दुसऱ्या पेल्याचं काही घेतलं नाही. रंकाळ्यावरून परतताना आत्या पाण्याकडं बघत म्हणाली, "ह्यो किती बरा. कुठं जात न्हाय."

दुपारच्या एस.टी.नं कागल, तिथून मुरगूडची गाडी. कागलच्या स्टँडवर माहेरवाशिणींची ही गर्दी. प्रत्येकीच्या मांडीवर करंज्यांचा डबा आणि कडेवर पोर. आत्याच्या मांडीवर फक्त काठी. गाडी हमरस्ता सोडून वळली तसा गुऱ्हाळांचा वास यायला लागला, नवा हंगाम नुकता पेटला होता. आत्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढून तो वास घेतला. मग विचारलं, "दादा अजून चुलवाणावर बसतो?" मी म्हणाले, नाही, माझा पगार सुरू झाल्यापासून सोडलं. ती म्हणाली, "बरं क्येलंस." तिनं मला दिलेली एवढी एकच शाबासकी. मला ती पदवीइतकी वाटते.

मुरगूडहून बैलगाडीनं गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अंगणात भावकी जमलेली. तात्या मधे, पायाशी परात, कोपऱ्यात कुणाचा तरी पाळणा आणून ठेवलेला. आई दारात उभी, पदर तोंडात. आबा घरात होते, दिसत नव्हते. आत्या गाडीतून उतरली आणि अंगणाच्या कडेला, तुळशीच्या अलीकडं थांबली.

"आलीस?" तात्या म्हणाले. त्यांचाही आवाज बदलला होता. "बस पोरी परातीत. घटकाभराचं काम. मग घर तुझंच हाय."

"न्हाय तात्या."

मी पुढं झाले. गुरव काय म्हणाला ते सांगितलं. गुलाल दाखवला. जन्म-मरणावर वाटेत मनाशी घोकलेलं सगळं बोलले. कुणी ऐकलं, कुणी नाही. तात्या म्हणाले, "गुलाल डोंगरावर. हितं गावात कावळा शिवलाय." माझं बोलणं संपलं तेव्हा तात्यांनी परात आत्याकडं जरा पुढं सरकवली. बोलून काम होणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

आत्यानं वर बघितलं. पश्चिमेला, उसाच्या शेंड्यांवर, नखाएवढी कोर आली होती. शेजारच्या अंगणात भाऊ नसलेली एक बाई ताट घेऊन चंद्राला ओवाळायला बाहेर आली होती.

"वैनी," आत्या माझ्या आईला म्हणाली, "एक निरांजन दे. दादा न्हाय म्हणत असंल तर माझी काय जबरदस्ती न्हाय. मी चंद्राला ओवाळतो आन मुरगूडला माघारी जातो. सवय हाय मला."

आईनं तात्यांकडं बघितलंसुद्धा नाही. आत गेली, ताट घेऊन आली. निरांजन, कुंकू, सुपारी, अक्षता. आत्यानं काठी तुळशीला टेकवली, पाय सावरला आणि पश्चिमेकडं तोंड करून ताट उचललं. ह्या खेपेला वारा नव्हता. ज्योत सरळ उभी होती.

तेव्हा आबा घरातून बाहेर आले. काखेत पाट होता. ते अंगण ओलांडून गेले, परातीला वळसा घातला आणि आत्या आणि चंद्र यांच्या बरोबर मधे पाट टाकून बसले. डोक्यावरची टोपी नीट केली. टोपीखालून केस दिसत होते, पुन्हा वाढलेले.

"चंद्राला रोजचं हाय," आबा म्हणाले. "मला ओवाळ."

"आरं, कावळा शिवलाता!" तात्या ओरडले.

"शिवला तात्या," आबा मान न वळवता म्हणाले. "कावळ्याला जेवू घातलं, पुण्य लागलं. आता भणीला घालतो."

आत्यानं ताट खाली घेतलं आणि ती वाकली. तिनं कुंकू लावायला बोट पुढं केलं तर तिच्या केसांतला गुलालच आबांच्या कपाळावर पडला. तिनं तोच टिळा केला आणि ओवाळलं. आबांनी ताटात काय टाकलं ते कुणी बघितलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

सगळ्यात आधी उठले ते तात्याच. परात उचलून आईकडं देत म्हणाले, "तूप वाया घालवू नगंस. पोळ्यावर वाढ." आणि पंगतीत बसले. आत्या आणि आबा शेजारी शेजारी. त्या दिवशी आई आमच्याबरोबर जेवली, मी तिला बसवली.

मी अजून कोल्हापुरात शिकवते. सुट्टीत गावी जाते तेव्हा मुंबईचा तो प्रवास मला आठवतो तो समुद्रामुळे किंवा घाटामुळे नव्हे. गेले होते एकटी आणि येताना बरोबर एक माणूस आणलं, म्हणून. आत्या गावातच आहे. उन्हाळ्यात ती काठी टेकत मळ्यातल्या विहिरीवर जाते आणि गावातल्या मुलींना काष्टा मारून पाण्यात उतरवते. तात्यांची नातही असते त्यांत. काठावर बसून तात्या ओरडतात, "लांब जाऊ नगंस," आणि आत्या त्यांच्यावर ओरडते.

हौसाआत्या आमच्या घरात राहते, आमच्या पंगतीत जेवते आणि दर भाऊबीजेला आबांना ओवाळते. पुन्हा जन्म तिनं घेतला नाही.